पावसाळी गटारात काय सोडता येतं, काय नाही: दूषित पावसाच्या पाण्याचे नियम आणि नेहमीचे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या सोसायट्या, छोटे कारखानदार, गॅरेजवाले, बिल्डरच्या शेजारी राहणारे आणि नाल्याकाठचे लोक यांच्यासाठी आहे. मुंबईत ज्याला पर्जन्य जलवाहिनी म्हणतात आणि बाकी सगळीकडे पावसाळी गटार किंवा पावसाळी लाईन, त्याबद्दल हे सगळं आहे. प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर वकील गाठा. त्याआधीची माहिती इथे मिळेल.

पावसाचं पाणी तर स्वच्छ असतं. ते प्रदूषित कसं?

पडताना बऱ्यापैकी स्वच्छ असतं, जमिनीला लागलं की बिघडतं. जूनच्या पहिल्या दणक्याच्या सरीत हमरस्त्याच्या कडेच्या जाळीपाशी उभं राहून बघा. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग, खाली काळा चिखल आणि मधे गुटख्याच्या पुड्या. ऑक्टोबरपासून रस्त्यावर साचलेलं ऑईल, टायरचा आणि ब्रेकचा भुगा, शेण, बांधकामाची धूळ हे सगळं पहिल्या काही सरींत वाहून जातं. ऑगस्टमधलं पाणी त्यामानाने बरं असतं.

खरी अडचण पुढे आहे. संडास-बाथरूमच्या पाण्याच्या वाटेवर निदान कागदोपत्री तरी शुद्धीकरण केंद्र असतं. पावसाळी गटाराच्या वाटेवर काहीच नसतं. जाळीतून जे आत गेलं ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत किंवा खाडीत, जसंच्या तसं.

यासाठी वेगळा कायदा आहे का?

नाही. फक्त पावसाच्या दूषित पाण्यासाठी असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. काम चालतं ते जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ या दोन कायद्यांवर. त्यांच्या जोडीला घनकचऱ्याचे, घातक कचऱ्याचे आणि बांधकाम कचऱ्याचे नियम, बांधकाम नियमावली आणि महापालिकांचे स्वतःचे कायदे.

महाराष्ट्र या बाबतीत केंद्राच्या पुढे होता. राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषणाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा १९७४ चा कायदा आपल्याकडे १९८१ पासून लागू झाला. म्हणजे मंडळ पन्नाशी ओलांडून गेलं आहे, "यंत्रणा नवीन आहे" ही सबब आता चालायची नाही.

आमच्या मागचा ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो. बिल्डर म्हणतो, ती नदी नाही, गटार आहे. खरं का?

खोटं. १९७४ च्या कायद्यात प्रवाहाची जी व्याख्या आहे तिच्यात नदी आहे, समुद्र आणि खाडी आहे, जमिनीखालचं पाणी आहे आणि "वाहता असो वा तूर्त कोरडा" असा जलमार्गही आहे. त्यामुळे मे महिन्यात ज्यात पोरं क्रिकेट खेळतात तो ओढासुद्धा कायद्याच्या लेखी प्रवाहच.

याच कायद्याचं कलम २४ (या पानावरची सगळी कलमं १९७४ च्या कायद्याचीच) सांगतं की मंडळाच्या मानकांत न बसणारा विषारी किंवा दूषित पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, सांडपाण्याच्या वाहिनीत किंवा जमिनीवर जाऊ देता येणार नाही. प्रत्यक्ष असो की अप्रत्यक्ष. याच कलमाचा दुसरा भाग लोकांच्या नजरेतून सुटतो: पाण्याचा मार्ग अडून प्रदूषण बरंच वाढेल असं काहीही प्रवाहात टाकणं हासुद्धा भंगच आहे. ओढ्यात राडारोडा ओतणाऱ्याला हेच कलम दाखवायचं.

"जाणूनबुजून" या शब्दाकडे लक्ष द्या. "आम्हाला कल्पनाच नव्हती" हा ठरलेला बचाव. तुम्ही लेखी पत्र देऊन पोच घेतलीत की त्या तारखेपासून तो बचाव लंगडा पडतो. तोंडी भांडण्यापेक्षा एक पानभर अर्ज बरा, तो यासाठीच.

सोसायटीची ड्रेनेज लाईन पावसाळी लाईनला जोडली आहे की नाही, हे कसं कळणार?

सर्वात सोपी परीक्षा उन्हाळ्यात होते. मार्च ते मे या काळात पावसाळी चेंबरचं झाकण उघडा. महिनोन्महिने पाऊस नाही आणि आत पाणी वाहतंय, तर ते पाऊस नव्हे. सकाळी सात ते नऊ या वेळेत प्रवाह वाढत असेल आणि साबणाचा फेस दिसत असेल तर कुठल्या तरी इमारतीचं बाथरूम त्यात सुटलेलं आहे. खात्री करायची तर प्लंबरकडून रंगाची चाचणी करून घ्या: एकेका विंगच्या संडासात रंग टाकून फ्लश करायचा आणि रंगीत पाणी कुठल्या चेंबरमध्ये निघतं ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

जोड बहुधा दोन कारणांनी झालेला असतो. महापालिकेची मैलावाहिनी लांब होती म्हणून बिल्डरने जवळच्या पावसाळी गटाराला पाईप जोडून दिला आणि भोगवटा प्रमाणपत्र घेऊन मोकळा झाला. किंवा ड्रेनेज तुंबलं, कमिटीने ओळखीच्या माणसाला बोलावलं आणि त्याने "तात्पुरता" बायपास मारला. तात्पुरते बायपास इमारतीपेक्षा जास्त टिकतात.

उलटी चूकही सर्रास दिसते. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असतं. मग मोठ्या पावसात मैलावाहिनी भरते, रस्त्यावरची झाकणं उचलली जातात आणि तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं. शुद्धीकरण केंद्रावरही झेपणार नाही इतकं पाणी जातं आणि तिथून ते न शुद्ध होताच पुढे सोडलं जातं. दोन्ही लाईन वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठी.

आमचा छोटा कारखाना एमआयडीसीत आहे. सांडपाणी सीईटीपीला, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्राला जातं. पावसाच्या पाण्याची आम्हाला काय भानगड?

भानगड इथेच असते. कारखाना चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळ जी परवानगी देतं त्या संमतीपत्राच्या मागच्या पानांवरच्या अटी बहुतेक मालक वाचत नाहीत. तिथे पावसाचं आणि प्रक्रियेचं पाणी वेगळं ठेवण्याची अट बहुधा असतेच.

काही उद्योगांना याहून नेमके नियम आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांखाली इलेक्ट्रोप्लेटिंग आणि कीटकनाशकं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी जी मानकं ठरली, त्यांत पावसाच्या पाण्याचा उल्लेख आहे. आवारातलं पावसाचं पाणी स्क्रबरच्या (धूर-वायू धुणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात, सांडपाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. ते वेगळ्या गटारातून एचडीपीईचं (जाड प्लॅस्टिकचं) अस्तर लावलेल्या खड्ड्यातून न्यायचं आणि त्या खड्ड्यात ताशी सरासरीने धरलेला दहा मिनिटांचा पाऊस मावला पाहिजे.

हिशेब करून बघू. आवार १,००० चौरस मीटर आणि पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरला तर तासाला ५०,००० लिटर पाणी होतं. दहा मिनिटांचं झालं सुमारे ८,३०० लिटर. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडा खोल खड्डा. शेडच्या कोपऱ्यात सहज बसतो. खर्चाचं कारण सांगणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडावं.

तुमच्या उद्योगाला हा नियम लागू नसला तरी पुढच्या गोष्टी करून ठेवा, कारण तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा तिथेच बघतो. रसायनांचे ड्रम आणि कॅरबॉय (मोठे कॅन) उघड्यावर ठेवायचे नाहीत, छप्पर आणि भोवती डाईक, म्हणजे सांडलेलं अडवणारा बांध हवा. टँकर जिथे रिकामा होतो तिथला उतार पावसाळी गटाराकडे नको. ईटीपीचा (कारखान्याच्या स्वतःच्या शुद्धीकरण केंद्राचा) गाळ पोत्यांत भरून कंपाऊंडला टेकवून ठेवू नका. आणि पावसाळी गटार आवाराबाहेर पडतं त्या तोंडाशी बंद करता येईल असं गेट ठेवा. ॲसिड सांडलं तर ते एवढं एकच गेट वाचवतं. असं काही सांडून प्रवाहात जाण्याची वेळ आली तर कलम ३१ प्रमाणे मंडळाला लगेच कळवावं लागतं. लपवलं की प्रकरण अपघाताचं राहत नाही.

आणखी एक. धो धो पावसाच्या रात्री टाकीतलं सांडपाणी पावसाळी गटारात सोडून देण्याची जी जुनी "पद्धत" आहे ती सगळ्यांना ठाऊक आहे, मंडळालाही. दुसऱ्या दिवशी नाला रंगीत दिसला की आसपासच्या कारखान्यांच्याच गटारांची तोंडं तपासली जातात.

गॅरेज आणि वॉशिंग सेंटरला हे नियम आहेत का?

आहेत. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. धुलाईचं पाणी ऑईल अडवणाऱ्या चेंबरमधून ड्रेनेजकडे जायला हवं, पावसाळी जाळीकडे नाही. चेंबर बांधून कुणी साफच करत नाही, ही खरी रड आहे. वर तरंगणारा थर पंधरवड्याला काढला नाही तर तो चेंबर असून नसल्यासारखा.

बांधकामाच्या साईटवरून चिखल आणि सिमेंटचं पाणी रस्त्यावर येतं. कुठला नियम लावायचा?

एकापेक्षा जास्त. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार राडारोडा अशा रीतीने टाकता येत नव्हता की रहदारी, लोक किंवा गटारं अडतील. १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी या विषयाचे नवे, २०२५ साली अधिसूचित झालेले नियम लागू आहेत. प्रकल्प २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्राचा किंवा मोठा असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते आणि पावसाच्या पाण्याचं नियोजन त्या अर्जातच द्यावं लागतं. मंजुरीचं पत्र सार्वजनिक असतं. ते काढा, अटी वाचा आणि साईटशी ताडून बघा.

साईटवर बघायचं काय? गेटपाशी टायर धुण्याची जागा आहे का आणि तिथलं पाणी कुठे जातं. ट्रान्झिट मिक्सर कुठे धुतात. पायाच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पंपाने थेट पावसाळी चेंबरमध्ये टाकतात की आधी गाळ बसायला टाकीत सोडतात. सिमेंटचं पाणी चेंबरच्या तळाशी जाऊन दगड होतं आणि मग दरवर्षीच्या नालेसफाईत ते खोदून काढायचा खर्च तुमच्या आमच्या घरपट्टीतून होतो.

महापालिका स्वतःच मैलापाणी नाल्यात सोडते. तिला कोण विचारणार?

कलम २४ मध्ये "कोणतीही व्यक्ती" म्हटलं आहे आणि महापालिकेला त्यातून सूट दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात सीईटीपी आणि शहरी शुद्धीकरण केंद्रं उभी करायला तीन वर्षांची मुदत दिली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ठरवलं की नाल्यातल्या पाण्यावर निदान जागेवरची प्रक्रियाही सुरू केली नाही तर १ एप्रिल २०२० पासून दर नाल्यामागे दरमहा ५ लाख रुपये भरपाई.

कागदावर हे जबरदस्त आहे. प्रत्यक्षात भरपाई पालिकेच्या तिजोरीतून जाते, म्हणजे करदात्याच्याच खिशातून, आणि कुठल्या अभियंत्याचा पगार कापला जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. देशात सर्वाधिक आपलेच.

मुंबईची मिठी नदी हे याचं ठळक उदाहरण. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १७.८ किलोमीटर. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिच्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं, रुंदीकरण झालं, भिंती बांधल्या, गाळ काढला. सगळा भर पाणी लवकर कसं जाईल यावर राहिला. त्यात काय मिसळतं हा प्रश्न मागे पडला.

मग नालेसफाईने काहीच होत नाही का?

पूर कमी होतो, प्रदूषण नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याकडे पैसा पहिल्या कामाला मिळतो. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारं सुधारण्याच्या योजनेत ती ५० मिलिमीटरसाठी वाढवायचं ठरलं. सांताक्रूझला २६ जुलैला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हापासून सगळी चर्चा याच आकड्यांभोवती फिरते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटल्यावरही तेच झालं. नालेसफाईचा गाळ काठावरच ठेवला असेल तर मात्र लगेच फोटो काढा. पहिल्या पावसात तो परत आत जातो आणि बिल दोनदा निघतं.

पाणी किती घाण असलं की नियमभंग होतो? मी बाटलीत नमुना घेऊन दिला तर चालेल?

नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानकं अशी: बीओडी (घाण कुजताना जंतू पाण्यातला किती प्राणवायू खातात ते माप) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तेच माप, पण रसायनाने काढलेलं) २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल आणि ग्रीस १०, पीएच ५.५ ते ९. मात्र ही पाईपातून येणाऱ्या सांडपाण्यासाठी आखलेली आहेत. रस्त्यावरून वाहणाऱ्या पावसाला ती नीट लागू पडत नाहीत आणि तशी वेगळी मानकं केलेली नाहीत. कायदा पाईपाच्या तोंडाशी उभा आहे, रस्ता त्याच्या टप्प्याबाहेर राहतो.

तुमची बाटली कोर्टात पुरावा होत नाही. कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, तपासणीचा हेतू कळवणारी नोटीस जागच्या जागी द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून डबे सीलबंद करायचे, सह्या घ्यायच्या. यात चूक झाली की कारखान्याचा वकील पहिल्याच तारखेला प्रकरण सैल करतो. तुमचं काम फोटो, व्हिडिओ, तारीख, वेळ आणि नेमकी जागा देण्याचं. "त्या दिवशी पाऊस नव्हता" हे लिहायला विसरू नका, अर्धी केस तिथे उभी राहते.

शिक्षा काय होते?

२०२४ पूर्वी कलम २४ च्या भंगाला दीड ते सहा वर्षं कैद होती. २०२४ च्या दुरुस्तीने कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड आणला. पाणी हा राज्याचा विषय असल्याने ही दुरुस्ती ठराव करून स्वीकारलेल्या राज्यांतच लागू होते. माझं मत विचाराल तर दंडापेक्षा कलम ३३अ ची धास्ती मोठी. त्याखाली मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. मीटर कापला की मालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर असतो.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी घाण कुठून येते ते बघा. घरगुती मैलापाणी किंवा तुंबलेलं गटार असेल तर मुंबईत वॉर्ड ऑफिस, पुण्यात क्षेत्रीय कार्यालय. कारखाना, गॅरेज, रसायनं असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. एमआयडीसीच्या आत असेल तर एमआयडीसीच्या कार्यकारी अभियंत्यालाही प्रत. दोन्ही प्रकारचं असेल, आणि बहुधा असतंच, तर सगळ्यांना एकच अर्ज द्या आणि प्रत्येकाला प्रत गेल्याचं अर्जातच लिहा. नाहीतर टोलवाटोलवी ठरलेली.

महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये, तीस दिवस. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. कागद मागा: त्या कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत, मागच्या दोन वर्षांचे पाहणी अहवाल, नमुन्यांचे निकाल, अटी पाळाव्यात म्हणून घेतलेली बँक हमी जप्त केली असेल तर तिचा तपशील.

त्यापुढची पायरी कलम ४९. मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो आणि मग मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडचे अहवाल त्याला द्यायचे असतात. फार कमी लोक हे वापरतात. साठ दिवसांची नोटीस पोचली की पाहणी मात्र बऱ्याचदा आपोआप होते.

हरित न्यायाधिकरणात जायला किती खर्च येतो?

पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. प्रश्न पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, भरपाईसाठी पाच वर्षं. सहा महिने कमी असतात, त्यामुळे पहिल्या अर्जाची तारीख जपून ठेवा.

शेतातून खत आणि औषधं वाहून येतात, त्याचं काय?

कायद्याने जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेतही शेतातून वाहणारं पावसाचं पाणी परवान्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे हे फक्त आपलंच दुखणं नव्हे.

अमेरिकेत राहणारा भाऊ सांगतो, तिथे गटाराच्या जाळीवर मासा काढलेला असतो. ते काय आहे?

"इथे काही टाकू नका, हे नदीला जातं" अशी पाटी. पण मासा हा दिसणारा भाग. खरा फरक परवान्यात आहे. तिथल्या १९७२ च्या जलकायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि पावसाळी गटारांसाठी शहरालाच परवाना घ्यावा लागू लागला. १९९० मध्ये एक लाखाहून मोठी शहरं, १९९९ च्या नियमांनी छोटी गावंही. एक एकरावरच्या बांधकामाला वेगळा परवाना. चोरून जोडलेले पाईप शोधणं ही शहराची परवान्यातली अट असते आणि ती पाळली नाही तर नागरिक शहरावर खटला भरू शकतो, साठ दिवसांची नोटीस देऊन. आपल्याकडे पालिकेच्या पावसाळी गटाराच्या प्रत्येक तोंडाला असा परवाना लागत नाही. तो लावावा, असं मला वाटतं. नवा कायदा न करताही मंडळाला पालिकांना तसे निर्देश देता येतील.

रेनवॉटर हार्वेस्टिंग केलं तर आमची जबाबदारी संपली ना?

५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला ते बंधनकारक आहे, त्यामुळे करायचंच. पण बोअरमध्ये काय सोडता ते बघा. गच्चीचं पाणी, तेही पहिल्या एक-दोन सरी बाहेर काढून आणि गाळणीतून, ठीक आहे. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे गाड्यांचं ऑईल भूजलात ओतणं, आणि विहीर व जमिनीखालचं पाणी दोन्ही १९७४ च्या कायद्यात येतात. पार्किंगच्या पाण्यासाठी मातीतला शोषखड्डा करा, आधी ऑईल अडवणारं चेंबर ठेवा, आणि पाईप टाकून झाल्यावर ठेकेदाराकडून कुठला पाईप कुठे जातो याचा नकाशा घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.